साडूचं कार्ड, माझा पट्टा

२ मार्च, संध्याकाळ

आजवर मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू, आठवतील तशा:

डॉक्टरांची बॅग, उघडली की पुस्तकासारखी सपाट होणारी. ट्रम्पेटची पेटी, आत मखमल, मखमलीखाली लोकर. वकिलाची ब्रीफकेस, तीन कप्प्यांची. चौथा कप्पा खुद्द वकिलालाही अजून सापडलेला नाही. दुकानाचा काउंटर. आरीच्या मुठी, सगळ्या. बायकोसाठी पर्स (वापरत नाही. म्हणते, रिकामी असतानाच भरल्यासारखी वाटते). ही वही, म्हणजे तिची बांधणी आणि वरचं कातडं.

शिकवणारा कोणी नाही. गुरू: चुका. फी: डाव्या अंगठ्याचं टोक.

ही यादी आजच करण्याचं काही विशेष कारण नाही.

२ मार्च, जेवणानंतर

कारण आहे. वही माझी, वाचणारा मी, लपवायचं कोणापासून?

दुपारी मेहुणीकडे जेवायला होतो. मेहुणी म्हणजे हिची धाकटी बहीण. तिचा नवरा, माझा साडू, सरकारात मोठा साहेब. होताच, आता बढती मिळून आणखी मोठा झाला. नात्याने मी थोरला जावई, पण खुर्ची पंख्याखालची त्याला.

जेवण झाल्यावर त्याने खिशातून एक कार्ड काढलं. मुद्दाम नाही काढलं, चष्मा काढताना निघालं असं दाखवलं. या हुद्द्यापासून पुढच्या अधिकाऱ्यांना मिळतं. दरवर्षी डोक्यापासून पायापर्यंत तपासणी. इस्पितळाच्या वेगळ्या इमारतीत स्वतंत्र खोली. सोबतच्या माणसाला सोफा. दात, चष्मा, फ्रेमसुद्धा. आजारपणानंतर तळ्याकाठच्या विश्रामगृहात पंधरा दिवस हवापालट. सगळं फुकट. मेहुणी एकेक सांगत होती आणि साडू मान खाली घालून म्हणत होता, त्यात काय एवढं, नियमच आहे.

नियमच आहे. फुशारकीचा इतका सभ्य प्रकार मी दुसरा पाहिलेला नाही.

कार्ड हातोहात फिरलं. हिने ते हातात धरलं आणि धरूनच ठेवलं. मी केलेली पर्स तिने एवढा वेळ कधी धरली नाही. मी कव्हर पाहिलं. साधं प्लॅस्टिक, कडा नीट चिकटलेली नाही.

मी एवढंच म्हणालो की ज्याचं शरीर धड आहे त्याला कार्ड लागतं कशाला. टेबलाखालून हिचा पाय लागला. लागला म्हणजे मारला.

संकल्प: विनाकार्ड शरीर किती उत्तम चालतं हे एका वर्षात दाखवून देणे. उद्यापासून पहाटे व्यायाम.

३ मार्च

पहाटे जाग आली होती. व्यायामापूर्वी पुरेशी झोप आवश्यक असते.

६ मार्च

व्यायामाचे कपडे शिवायला शेजारच्या शिंप्याकडे माप दिलं. घाईने सुरू केलेली गोष्ट टिकत नाही.

९ मार्च

शिंपी माप घेताना म्हणाला, कंबर वाढली शेठ. हा स्वतः दोरीच्या रिळासारखा. मी म्हटलं, कंबर नाही, ताकद आहे. दुकानातलं जाड कातडं शिवायचं मशीन एकट्याने उचलून काउंटरवर ठेवून दाखवलं. तो वा वा म्हणाला. त्याच क्षणी उजव्या जांघेत काहीतरी सरकलं. आवाज नाही, वेदना फारशी नाही. पेटीत सामान नीट न लावल्यावर सरकतं तसं.

घरी येऊन पाहिलं. लिंबाएवढा फुगवटा. आडवा झालो, आत गेला. म्हणजे बरं झालं.

१० मार्च

उभा राहिलो, पुन्हा आला. स्नायू कमावला जातोय बहुतेक. एकाच बाजूला का, हे बघायला हवं.

१३ मार्च

जुन्या ओळखीच्या कंपाउंडरला गाठलं. त्याने दुकानाच्या पडद्यामागे पाहिलं आणि हात धुता धुता निदान सांगितलं: हर्निया. पोटाची भिंत एका जागी विरली, त्यातून आतडं बाहेर डोकावतंय. ऑपरेशन करून टाका, सरकारी इस्पितळात होतं, जनरल वॉर्डात. नंबर लागायला वेळ जातो म्हणून आजच नाव घाला.

मी विचारलं, साहेब लोकांना किती वेळ लागतो? तो म्हणाला, त्यांचं काय, आज खोकले की उद्या टेबलावर. भिंतीला आतून लावायची जाळीसुद्धा त्यांना बाहेरून मागवलेली. मला रांगेतली जाळी आणि त्याला मागवलेली! पोट तेच, आतडं तेच. माझी भूक मेली. कंपाउंडर म्हणाला हे हर्नियाचं लक्षण नाही.

१४ मार्च

पहाटे एक गोष्ट लख्ख समजली. इतक्या डॉक्टरांच्या लक्षात कशी आली नाही कोण जाणे.

हर्निया म्हणजे काय? पिशवी एका जागी विरते, आतला माल बाहेर येतो. बस. पिशव्यांच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. विरलेल्या जागी बाहेरून भक्कम पट्टी द्यायची, खाली गादी, वर ताण. अशा बॅगा मी केल्यात, बारा-बारा वर्षं प्रवास करतायत.

संकल्प: स्वतःचा पट्टा स्वतः करणे. इस्पितळ नाही, रांग नाही, कार्ड नाही. हिला ताकास तूर लागू द्यायची नाही.

१८ मार्च

पट्टा तयार. वर्णन, नोंदीसाठी: म्हशीचं कातडं, दोन पदरी, अंगाच्या बाजूला वासराचं मऊ. इंचाला सात टाके, मेणाचा दोरा, दुहेरी शिवण. पितळी बक्कल. जांघेवर बुचाच्या लाकडाची गादी आणि तिच्यामागे सूटकेसच्या कुलपातली पोलादी पट्टी, स्प्रिंगसारखी. जगात दुसरा नसावा.

घातला. फुगवटा गायब. आरशासमोर उभा राहिलो तेव्हा साडूची खूप कीव आली.

१९ मार्च

चालताना कर्र कर्र वाजतो. हिने विचारलं कसला आवाज. नवे बूट म्हणालो. तिने माझ्या पायांकडे पाहिलं. मी अनवाणी होतो.

२५ मार्च

साडू वार्षिक तपासणीसाठी तीन दिवस दाखल. धडधाकट माणूस इस्पितळात दाखल होतो, हा प्रकार मी प्रथमच पाहिला. भेटायला जावं लागलं.

जनरल इमारतीत बाकांवर माणसं खेटून बसलेली. तिथून एक काचेचं दार ओलांडलं की वेगळी इमारत. फरशी इतकी गुळगुळीत की पट्ट्याचा आवाज दुप्पट घुमला. खोलीत पडदे, घंटी, फळांची टोपली, पांढऱ्या सपाता कागदी पिशवीत. सोबतच्या माणसासाठी सोफा खरोखर होता. मी बसून पाहिला. रेक्झिन. इंचाला चार टाके, कोपऱ्यात दोरा सुटलेला. जरा बरं वाटलं.

मेहुणीने बातमी सांगितली: सगळे रिपोर्ट छान, फक्त एक छोटा हर्निया निघाला. यांचा. उजव्या बाजूचा.

माझा विश्वास बसेना. आयुष्यात या माणसाकडे नसलेली एक गोष्ट माझ्याकडे होती, तीही त्याने घेतली. आणि कशाने? शिंकेने. मशीन नाही, पेटी नाही, फायलीवरची धूळ नाकात गेली म्हणे. दोन दिवसांत ऑपरेशन ठरतंय, मोठे सर्जन स्वतः करणार.

बायका बागेत गेल्या. राहवलं नाही. दार लावून शर्ट वर केला आणि त्याला पट्टा दाखवला. म्हटलं, साहेब, हाही हर्नियाच. विनाऑपरेशन, विनाकार्ड.

तो गादीवरून उठून जवळ आला. वळा म्हणाला, वळलो. बक्कल बोटाने दाबून पाहिली. इतक्या वर्षांत त्याने माझ्या कुठल्या कामाकडे असं पाहिलेलं नव्हतं. मग हळूच विचारलं, ऑपरेशनची तुम्हाला भीती वाटत नाही म्हणून की वाटते म्हणून? काय प्रश्न आहे! साहेब लोकांना सरळ बोलता येत नाही. कोणाला सांगायचं नाही असं मी त्याच्याकडून वचन घेतलं.

२८ मार्च

साडूचं ऑपरेशन पुढे गेलं. दौरा निघाला म्हणे. बघा, टेबलसुद्धा यांच्या सवडीने थांबतं.

४ एप्रिल

साडूचा फोन. खोकताना धरतो का पट्टा? जिन्यावर? मी म्हटलं, शंभर टक्के. झोपून बोलत होतो. पाय तीन सूटकेसांवर ठेवले होते, कारण त्या स्थितीत गादी जास्त नीट बसते.

५ एप्रिल

गादीखाली त्वचा लाल. कातड्याला कातडं सरावायला वेळ लागतो.

८ एप्रिल

पट्टा, सुधारित. आणखी दोन भोकं घट्टकडे पाडली. लिंबू आता संत्र्याकडे झुकतंय, पण पट्ट्याचा दोष नाही. माल वाढला की पिशवीवर ताण यायचाच.

साडूचं ऑपरेशन दुसऱ्यांदा पुढे. कसलीशी बैठक. मेहुणी हिच्याजवळ रडली की यांना कामापुढे जीवाची पर्वा नाही. आणि ही मला ऐकवते, बघा कसे कर्तव्यदक्ष.

१२ एप्रिल

पकडला गेलो. आंघोळीला जाताना पट्टा दाराच्या खुंटीवर टांगला होता. हिने तो हातात घेऊन विचारलं, ऑर्डर आहे का, कुठल्या जनावराचा? मी खोगीर वगैरे काहीतरी बोललो. तिने आतल्या बाजूचा डाग पाहिला, मग मला पाहिलं.

भांडण नेहमीचं झालं असतं तर चाललं असतं. आधी झालंच थोडं: हात दाखवून अवलक्षण, उंटावरचे शहाणे, साडूच्या कार्डामुळे तुमच्या पोटात दुखतंय ते वेगळं आणि हे वेगळं, वगैरे. मी पिशवीचा सिद्धांत समजावून सांगितला. तो संपेपर्यंत तिने ऐकला. मग पट्टा माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली,

"बॅग फाटली तर तुम्ही दुसरी शिवाल. तुम्ही फाटलात तर मी काय करू?"

मी बक्कल लावून पाहिली. ती नीट लागत होती.

ती म्हणते बहिणीला सांगते, साडू शब्द टाकेल, वेगळ्या इमारतीत खाट मिळेल. मी साफ नाही म्हणालो. त्याच्या शब्दाने मिळालेल्या खाटेवर मी उपाशी बसेन पण निजणार नाही. शेवटी तडजोड: सोमवारी जनरल इस्पितळात जाऊन नाव घालायचं. शब्द दिला.

१७ एप्रिल, सोमवार

सोमवारी गर्दी असते.

१८ एप्रिल

ट्रम्पेटवाल्याची दुसरी पेटी. दिलेला शब्द मोडणाऱ्यांतला मी नाही. त्यालाही शब्द दिला होता.

१९ एप्रिल

ही बोलत नाही. जेवण वाढते, ताट जरा जोरात ठेवते. उद्या नक्की जाणार. पेटी पोचवली की थेट तिथूनच.

२० एप्रिल, सकाळ

पेटी जड झाली आहे. उत्तम काम जड असतंच. उचलण्यापूर्वी पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळला. आता भूकंप आला तरी

२५ एप्रिल, जनरल वॉर्ड, दुपार

वरचं वाक्य पुरं करायचं राहिलं. आता काय लिहिणार होतो ते आठवत नाही.

झालं ते असं. पेटी उचलली. फुगवटा पट्ट्याच्या कडेने बाहेर आला आणि पट्ट्याने त्याला आत जाऊ दिलं नाही. पट्टा मी केलेला असल्यामुळे हलला नाही. दुकानातच आडवा झालो, ओकलो, पाय पोटाशी. शिंपी धावला, हिला बोलावून घेतलं. त्याने आणि हिने मला त्याच्या कापडाच्या व्हॅनमध्ये घातलं. वाटेत ही माझा हात धरून सारखी एकच गोष्ट म्हणत होती, ती मी इथे लिहीत नाही.

सर्जनबाई तरुण आहेत. त्यांनी नंतर सांगितलं की आतडं बाहेर अडकून पडलं होतं आणि वरून पट्ट्याने त्याचा गळा आवळला होता. आणखी थोडा उशीर झाला असता तर आतड्याचा तुकडा कापावा लागला असता, आणि त्याहून उशीर झाला असता तर काही कापावंच लागलं नसतं. हे सांगताना त्या हसल्या नाहीत.

पट्टा कापून काढला. माझी दुहेरी शिवण कापताना एक कात्री मोडली. नोंद असावी.

मेहुणी भेटून गेली. तिला सांगितलं की पट्टा उत्तमच होता, पेटी जरा जास्त जड झाली. ही तिथेच उभी होती. खिडकीबाहेर बघत राहिली.

२६ एप्रिल

खाट खिडकीजवळ. खिडकीतून वेगळी इमारत दिसते. चार वाजता तिकडे फळांची गाडी गेली. कापलेली फळं, झाकलेली. आमच्याकडे सूप येतं, त्यात काय आहे ते सिस्टरांनाही सांगता आलं नाही. रात्री पलीकडच्या खोल्यांतले दिवे एकेक करून विझतात. इकडे एक घोरला की सगळे जागे. सोबतच्या माणसाला सोफा नाही. ही स्टुलावर बसते, डोकं माझ्या उशीच्या कडेला टेकते. उद्या तिच्यासाठी काहीतरी गादी करायला हवी. करीन. हात चालू आहेत.

२७ एप्रिल

बाईंनी जखम उघडून पाहिली. मीही पाहिली. टाके एकसारखे, ताण नेमका, कुठेही खेच नाही. चांगला हात आहे म्हणालो, आणि विचारलं, कुठे शिकलात? त्या म्हणाल्या बारा वर्षं शिकतेय, अजून मोठे सर शेजारी उभे राहून चुका काढतात.

माझ्या चुका काढायला शेजारी कधी कोणी नव्हतं. आजवर हे मी अभिमानाने सांगत आलोय.

२९ एप्रिल, भेटीची वेळ

ही औषधं आणायला गेली असताना साडू आला. एकटा. मेहुणी नाही, शिपाई नाही. त्याने स्वतः स्टूल ओढलं, पडदा लावून घेतला. मला वाटलं, आता सांगणार की मला कळवलं असतंत तर तिकडे खोली दिली असती, आणि त्याला द्यायचं उत्तर मी पाचव्या दिवसापासून तयार ठेवलं होतं.

त्याने तसलं काही काढलंच नाही. बराच वेळ माझ्या खाटेच्या लोखंडी कडेवरचा रंग नखाने खरवडत बसला. मग विचारलं, दुखलं का? मग, बेशुद्ध करताना आपल्याला कळतं का? मग, मध्येच जाग आली तर?

दौरा नव्हता म्हणे. बैठकही नव्हती. पहिल्या वेळी तो गेला होता, तिथल्या लोकांनी त्याला सपाता घातल्या, हिरवा अंगरखा घातला, आणि दारापाशी पोचल्यावर तो मागे वळून घरी आला. दुसऱ्या वेळी घरातूनच निघाला नाही. झोप नाही. गुरुवारची तारीख तिसरी. ऑफिसातली सगळी माणसं विचारतात की साहेब, तुम्हाला काय, तुमच्याकडे कार्ड आहे.

"कार्ड आहे हो," तो म्हणाला. "पण पोट माझंच आहे ना."

आणि मग मुद्द्यावर आला. पट्टा उत्तमच होता, पेटी जड होती, हे त्याला बायकोकडून कळलं होतं. तो काही पेट्या उचलत नाही. सहीचं पेन उचलतो फार तर. तेव्हा त्याच्यासाठी तसाच एक पट्टा करून द्याल का, साडूभाऊ? कोणाला न सांगता. आवाज जरा कमी करता आला तर पाहा, बैठकीत बसावं लागतं.

हे वाक्य मी मनात पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं. वेगळी इमारत, सोफा, मागवलेली जाळी, तळ्याकाठची हवा, हे सगळं एका पारड्यात ठेवून हा माणूस माझ्या इंचाला सात टाक्यांकडे आला होता. सोन्याहून पिवळं ते आणखी काय असतं? मेहुणीच्या टेबलावर पुढच्या वेळी हे कसं निघेल, माझा शर्ट कोणता असेल, इथपर्यंत विचार झाला.

मी म्हणालो, वासराचं कातडं संपलंय. तो म्हणाला, मी मागवतो. मी म्हणालो, माप घ्यायला उठता येत नाही. त्याने खिशातून टेप काढला. घरून आणला होता.

मग सांगावं लागलं. पेटी जड नव्हती. मागची याहून जड होती, ती मी एका हाताने पोचवली होती. पट्ट्याने पहिल्या दिवसापासून काही धरलं नाही, फुगवटा लपवला एवढंच, आणि शेवटी मला मारायला निघाला. गुरुवारी गुपचूप जा, म्हटलं. बाईंनाच मागा, मोठे सर राहू द्यात शेजारी उभे. बेशुद्ध करताना काही कळत नाही. दहापर्यंत मोजायला सांगतात, मी चारपर्यंत गेलो.

हे सगळं त्याला कटवण्यासाठी बोललो. त्यात दुसरं काही शोधायची गरज नाही.

तो टेप गुंडाळत राहिला. गुरुवारी दारापर्यंत याल का म्हणाला, सोबतीच्या माणसाला परवानगी असते. बघू म्हणालो. माझे टाके ओले आहेत, पण व्हीलचेअर असते असं ऐकलंय, आणि त्या सोफ्याचा दोरा सुटलेला कोपरा मला पुन्हा एकदा पाहायचा आहे.

ही परत आली तेव्हा तो गेला होता. काय म्हणत होते भाऊजी, तिने विचारलं. म्हटलं, ऑर्डर द्यायला आला होता. तिला खरं वाटलं नाही.

नोंद: पट्ट्याची ऑर्डर. पहिलीच, बहुधा शेवटची. नाकारली. देऊ केलेली रक्कम: पाच हजार, रोख.